रस्त्यात भेटलेला गुरू

सूर्य मावळायला पाच-दहा मिनिटे उरलेली असतात. यवतमाळहून वणीकडे निघालेल्या एसटीत एखादा रोजेदार खिडकीशी बसलेला असतो. तो घड्याळाकडे बघतो आणि पिशवीतून खजुराची पुडी काढतो. पुडी उघडली की पहिला खजूर शेजारच्या प्रवाशापुढे धरला जातो. ‘घ्या ना भाऊ.’ शेजारचा कोण, कुठल्या गावचा, कोणत्या धर्माचा, हे त्याला ठाऊक नसते आणि विचारायची गरजही वाटत नाही. शेजारचाही आपली पाण्याची बाटली पुढे करतो. वणी येईपर्यंत दोघांना एकमेकांच्या लेकराबाळांची, कापसाच्या भावाची, दवाखान्याच्या चकरांची माहिती झालेली असते. पुढे दोघे दोन दिशांनी निघून जातात. बहुतेक वेळा पुन्हा भेट होत नाही.

रमजानच्या महिन्यात असे प्रसंग आपल्या जिल्ह्यात रोज घडतात. त्यांची बातमी होत नाही. पण अनोळखी माणसाशी असे वागणे हा इस्लामच्या शिकवणीचा गाभा आहे. कुरआनच्या ‘निसा’ या अध्यायातील 36 व्या आयतीत कोणाकोणाशी चांगले वागावे, याची यादी आहे. त्यात आईवडील आहेत, नातलग आहेत, अनाथ आणि गरीब आहेत. पुढे शेजारी येतात. आधी नात्यातला शेजारी आणि मग परका शेजारी. त्यानंतर जो काही काळापुरता आपल्या बाजूला आहे, असा सोबती. यात प्रवासातला, बाजारातला, कामावरचा जोडीदार येतो, असे भाष्यकारांनी सांगितले आहे. त्यानंतर वाटसरू. म्हणजे एसटीत शेजारी बसलेल्या माणसाचाही आपल्यावर हक्क आहे. जकात कोणाला द्यावी, याचे आठ प्रकार कुरआनने सांगितले आहेत. त्यातही अडचणीत सापडलेल्या वाटसरूला स्वतंत्र जागा आहे.

प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्या चरित्रात एक प्रसंग येतो. इ.स. 622 मध्ये त्यांना मक्का सोडून मदिनेला जावे लागले. जिवावर उठलेले लोक मागावर होते. सोबत होते हजरत अबू बक्र. आडवाटेने वाळवंट पार करायचे, तर वाटाड्या हवा. त्यांनी ज्याला वाटाड्या म्हणून घेतले, तो अब्दुल्लाह बिन उरैकित हा मुसलमान नव्हता. त्याला पकडून देण्याचे बक्षीस मिळू शकत होते. पण त्याने विश्वास राखला आणि दोघांना सुखरूप मदिनेला पोहोचवले. इस्लामी कालगणना ज्या प्रवासापासून सुरू होते, त्या प्रवासाची वाट एका परधर्मीयाने दाखवली, ही गोष्ट सहसा आठवली जात नाही.

अनोळखी माणसाकडून किती शिकता येते, याचे आपल्या भागातले उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. वणीहून निघून पाटाळ्याचा वर्धा नदीवरचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा संपतो. पुढे थोड्याच अंतरावर वरोरा लागते. याच वरोऱ्यात, स्वातंत्र्याच्या आगेमागे, पावसाच्या एका रात्री दोन अनोळखी माणसांची गाठ पडली होती. एक होता गावचा नामांकित वकील. दुसरा रस्त्याच्या कडेला मरत पडलेला महारोगी. वकिलाचे नाव मुरलीधर देवीदास आमटे. दुसऱ्याचे नाव तुळशीराम.

न भिणारा वकील

मुरलीधर आमटे यांचा जन्म 26 डिसेंबर 1914 रोजी हिंगणघाटला झाला. घर जमीनदाराचे. लहानपणापासून लाडात वाढलेला मुलगा. पुढे शिकारीचा छंद, मोटारीचा शौक, सिनेमाचे वेड. नागपूरला कायद्याचे शिक्षण झाले आणि वकिलीत जमही बसला. पण गांधी आणि विनोबा ज्या वर्ध्यात राहत होते, तो वर्धा जवळच होता. त्याचा परिणाम होणारच होता. 1942 च्या आंदोलनात पकडलेल्या लोकांच्या बाजूने आमटे उभे राहिले. खुद्द त्यांनाही तुरुंगवास घडला.

त्यांच्या धैर्याची एक गोष्ट त्या काळी सर्वत्र झाली होती. रेल्वेच्या डब्यात गोरे शिपाई एका नवविवाहितेची छेड काढत होते. आमटे एकटेच मध्ये पडले आणि त्यांनी मार खाल्ला, पण ते हटले नाहीत. हे कळल्यावर गांधीजींनी त्यांना ‘अभय साधक’ म्हटले. अभय म्हणजे ज्याला भय नाही असा.

वरोऱ्यात ते नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. सफाई कामगारांची संघटना त्यांनी बांधली. त्या काळी घराघरांतला मैला टोपलीत भरून डोक्यावरून वाहून न्यावा लागे. हे काम करणाऱ्यांचे दुःख नुसते भाषणात सांगून चालणार नाही, असे ठरवून या वकिलाने स्वतः ती टोपली उचलली. नऊ महिने हे काम केले. जमीनदाराचा मुलगा मैला वाहतो म्हणून गाव हसले, पण ते हसण्यालाही घाबरले नाहीत.

असा हा माणूस. आपल्याला कशाचीच भीती नाही, असे त्याला वाटू लागले असेल, तर त्यात नवल नाही.

पावसातली भेट

त्या रात्री पाऊस पडत होता. मैल्याची टोपली घेऊन काम आटोपून येताना रस्त्याच्या कडेला त्यांना काहीतरी पडलेले दिसले. आधी वाटले, चिंध्यांचे गाठोडे आहे. जवळ गेल्यावर ते हलले. तो माणूस होता. हातापायांची बोटे झडलेली, अंगावर धड कपडा नाही, जखमांत किडे पडलेले. महारोगाच्या शेवटच्या अवस्थेतला तो तुळशीराम होता.

गोऱ्या शिपायांना न भिणारा, मैला डोक्यावर घेणारा तो माणूस तिथून पळाला. आपल्यालाही हा रोग होईल, या धास्तीने तो धावत घरी आला.

पण घरी चैन पडेना. भीती रोगाची होती, हे खरे. त्याहून मोठी टोचणी दुसरी होती. आपण अभय म्हणवतो आणि एका मरणाऱ्या माणसाला पावसात टाकून पळालो. त्या पडलेल्या माणसाच्या जागी आपला बाप असता तर? आपली बायको, आपले लेकरू असते तर? या प्रश्नांपुढे आतापर्यंतचे सगळे धैर्य फिके पडले.

आमटे परत गेले. बांबू आणि तट्ट्याचा आडोसा करून त्यांनी तुळशीरामला पावसापासून वाचवले. त्याला हाताने भरवले, जखमा धुतल्या. तुळशीराम फार दिवस जगला नाही. आमट्यांच्याच देखरेखीत त्याने प्राण सोडला.

दोघांची ओळख म्हणावी तर इतकीच. एकाने दुसऱ्याला काही उपदेश केला नाही. तुळशीरामजवळ ना विद्या होती, ना पैसा. पण त्याच्या भेटीनंतर मुरलीधर आमटे पूर्वीचे राहिले नाहीत. पुढे साऱ्या जगाने ज्यांना बाबा आमटे म्हणून ओळखले, त्यांचे आयुष्य इथून वळले. ते स्वतःही आयुष्यभर तुळशीरामचे नाव घेत राहिले आणि आपण पळालो होतो, हेही त्यांनी कधी लपवले नाही.

पहिला धडा : परत फिरणे

रमजानमध्ये एक शब्द वारंवार कानावर येतो : तौबा. बोलीभाषेत आपण ‘तौबा तौबा’ म्हणत कानाच्या पाळ्या धरतो. त्यामुळे तौबा म्हणजे नुसती माफी मागणे, असा समज झाला आहे. अरबी भाषेत या शब्दाचा मूळ अर्थ आहे परत फिरणे. चुकीच्या वाटेने गेलेला माणूस उलटा फिरतो आणि योग्य जागी येतो, ती तौबा. धर्मशास्त्र जाणणाऱ्यांनी तिच्या अटी सांगितल्या आहेत. चूक थांबवणे, तिचा मनापासून पस्तावा होणे, पुन्हा न करण्याचा निश्चय. आणि ज्या माणसाच्या बाबतीत चूक झाली, त्याचा हक्क त्याला देणे.

ही शेवटची अट अवघड आहे. माणसाचा अपराध केला असेल, तर नुसत्या प्रार्थनेने तो फिटत नाही. त्या माणसाकडे जावे लागते. त्या रात्री आमट्यांनी घरात बसून देवापुढे हात जोडले असते, तर मनाला थोडे बरे वाटले असते. तुळशीराम मात्र पावसातच राहिला असता.

आपण सगळेच कधी ना कधी पळालेलो असतो. अपघात झालेला दिसतो आणि पोलिसांचे झंझट नको म्हणून आपण गाडी पुढे काढतो. म्हातारे शेजारी आजारी आहेत, हे कळते आणि आपण उद्या जाऊ म्हणतो. पहिल्या क्षणी भीती वाटणे हा माणसाचा स्वभाव आहे. पण पळून गेल्यावर परत येण्याची वाट बंद होत नाही, हे तुळशीरामच्या गोष्टीने शिकवले.

दुसरा धडा : गुरू ओळखू येत नाही

कुरआनातील ‘कहफ’ हा अध्याय अनेक मुसलमान दर शुक्रवारी वाचतात. त्यात हजरत मूसा (अलै.) यांची एक गोष्ट आहे. मूसा म्हणजे बायबलमधले मोझेस, मोठे पैगंबर. त्यांना एका अशा माणसाला भेटायला सांगितले जाते, ज्याच्याजवळ त्यांना नसलेले ज्ञान आहे. कुरआनात या माणसाचे नाव नाही. हदीसमध्ये ते खिज्र असे आले आहे. मूसा त्यांना म्हणतात, मला तुमच्याबरोबर येऊ द्या, शिकवा. खिज्र सांगतात, तुम्हाला धीर धरवणार नाही.

दोघे निघतात. खिज्र गरीब कोळ्यांच्या नावेला भोक पाडतात. एका मुलाचा जीव घेतात. ज्या गावाने दोघांना घासभर अन्न दिले नाही, त्या गावातली पडायला आलेली भिंत फुकट उभी करून देतात. प्रत्येक वेळी मूसांना राहवत नाही, ते विचारतात. शेवटी वाटा वेगळ्या होताना खिज्र एकेक अर्थ उलगडून सांगतात. पुढे एक राजा चांगल्या नावा बळजबरीने घेत होता, म्हणून नाव सदोष केली. तो मुलगा पुढे आपल्या सज्जन आईबापांना वाईट मार्गाला लावणार होता. भिंतीखाली दोन अनाथ मुलांचा ठेवा होता.

या गोष्टीचा अर्थ विद्वानांनी नाना प्रकारे लावला आहे. सामान्य वाचकाने त्यातून एक गोष्ट घ्यावी. पैगंबरासारखा माणूसही वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसापुढे विद्यार्थी झाला. आपल्याला सगळे कळते, असे मूसांनी मानले नाही.

आणि गुरू आपण कल्पना करतो तसा दिसत नाही. खिज्रांनी निदान शेवटी अर्थ तरी समजावून सांगितला. तुळशीरामने काहीच सांगितले नाही. अर्थ आमट्यांना स्वतःच शोधावा लागला, आणि त्यासाठी त्यांना पुढची साठ वर्षे लागली.

तिसरा धडा : दयेला विद्येची जोड

तुळशीराम गेल्यावर हळहळून थांबणे सोपे होते. पण आमटे रोग समजून घ्यायला निघाले. वरोऱ्याच्या आसपासच्या गावांत जाऊन ते रुग्णांना तपासू लागले. 1949 मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्यांनी कुष्ठरोगाचे रीतसर प्रशिक्षण घेतले. संशोधनासाठी कुष्ठरोगाचे जंतू वाढवायचे होते आणि ते प्रयोगशाळेत वाढत नव्हते. तेव्हा आपल्या शरीरात ते टोचून पाहा, असे या माणसाने सांगितले. तसा प्रयोग झालाही. जंतू वाढले नाहीत. ज्या रोगाच्या भीतीने पळ काढला, तोच रोग अंगात घ्यायची तयारी, हा बदल थोड्याच काळात झाला होता.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सन यांनी 1873 मध्ये शोधला होता. हा रोग पाप किंवा शाप नसून जंतूमुळे होतो, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. बहुसंख्य माणसांच्या शरीरात त्याच्याशी लढण्याची शक्ती जन्मतःच असते. हात लावल्याने तो होत नाही. आमटे शिकत होते त्या सुमारास डॅप्सोन हे औषध वापरात येऊ लागले होते. 1982 पासून जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधांचा एकत्रित उपचार सुचवला. आज हा उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो आणि रोगाच्या प्रकारानुसार सहा महिने किंवा वर्षभर घ्यावा लागतो. उपचार सुरू झाला की रुग्णापासून इतरांना लागण होण्याचा धोका लवकरच संपतो. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आला आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर दवाखान्यात दाखवावे, एवढी साधी गोष्ट घरोघरी माहीत असायला हवी.

हदीसच्या ग्रंथांत कुष्ठरोगाचे उल्लेख आहेत. बुखारी यांच्या संग्रहात कुष्ठरोग्यापासून दूर राहण्याचा सल्ला येतो. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत प्रेषितांनी कुष्ठरोग्याचा हात धरून आपल्याच ताटात जेवायला घेतल्याचे कथन येते. दोन्हींचा मेळ घालण्याचा प्रयत्न जुन्या विद्वानांनी केला आहे. साथीत काळजी घ्यावी, पण माणसाला टाकू नये, असा त्याचा सारांश आहे. कुरआनात हजरत ईसा (अलै.), म्हणजे येशू ख्रिस्त, यांच्या चमत्कारांत कुष्ठरोग्यांना बरे करण्याचा उल्लेख आहे. कोणत्याही काळात या रुग्णाजवळ जाणे ही मोठी गोष्ट मानली गेली, ती उगाच नाही.

चौथा धडा : हाताला काम

आमट्यांच्या आयुष्यात आणखी एक अनोळखी व्यक्ती अशीच अचानक आली होती. नागपूरच्या घुले घराण्यात लग्नाची गडबड सुरू होती. दाढी वाढवून बैराग्यासारखे राहणारे मुरलीधर तिथे पाहुणे म्हणून आले होते. सगळे नटण्यामुरडण्यात दंग असताना घरातली एक मुलगी हळूच मागच्या बाजूला जाऊन म्हाताऱ्या मोलकरणीला तिच्या कामात मदत करताना त्यांना दिसली. ती इंदू. डिसेंबर 1946 मध्ये दोघांचे लग्न झाले आणि इंदूची साधना झाली. नवऱ्याने आपले आयुष्य महारोग्यांसाठी द्यायचे ठरवले, तेव्हा साधनाताई सोबत निघाल्या. पदरी विकास आणि प्रकाश ही दोन लहान मुले होती.

वरोऱ्याजवळ सरकारने दिलेली पन्नास एकर जागा म्हणजे दगडधोंडे आणि झाडोरा. सापविंचू भरपूर, पाण्याचा पत्ता नाही. आमटे कुटुंब, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये, एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू झाले. 1951 च्या जूनमध्ये विनोबांच्या हस्ते उद्घाटन झाले. बोटे झडलेल्या हातांनी विहीर खणली, जमीन कसली. भाजीपाला पिकू लागला, दूध निघू लागले.

पण ते विकत कोण घेणार? महारोग्यांच्या हातची भाजी वरोऱ्यात कुणी घेईना. पुढे परदेशांतून तरुण स्वयंसेवक आनंदवनात आले. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे हे लोक होते. एकमेकांनाही अनोळखी, वेगवेगळ्या देशांतले. त्यांनी रुग्णांच्या बरोबरीने राबून इमारती उभ्या केल्या, त्यांच्यातच राहून जेवले. हे पाहून गावकऱ्यांची भीती हळूहळू ओसरली. पुढे 1964 मध्ये आनंदवनाच्या आवारात आनंदनिकेतन महाविद्यालय सुरू झाले. ज्यांच्या सावलीला गाव भीत होते, त्यांच्या अंगणात गावची मुले शिकायला येऊ लागली.

बाबांचा आग्रह भिकेविरुद्ध होता. दान माणसाला पांगळे करते, काम त्याला उभे करते, या विचारावर आनंदवन चालले. अबू दाऊद यांच्या संग्रहात याच्याशी जुळणारे एक कथन आहे. मदिनेतला एक गरीब माणूस प्रेषितांकडे मागायला आला. घरात काय आहे, असे त्यांनी विचारले. अंथरायला-पांघरायला एक जाडेभरडे वस्त्र आणि पाणी प्यायचा एक वाडगा, एवढेच होते. प्रेषितांनी ते मागवून दोन दिरहमला विकले. एकाचे अन्न घ्यायला सांगितले, दुसऱ्याची कुऱ्हाड आणवली. तिला स्वतःच्या हाताने दांडा बसवून दिला आणि लाकडे तोडून विकायला पाठवले. पंधरा दिवसांनी तो परतला, तेव्हा त्याच्याजवळ दहा दिरहम होते.

जकात आणि फितरा देताना हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. उपकार बोलून दाखवून आणि मन दुखवून आपले दान वाया घालवू नका, असे कुरआन ‘बकरा’ या अध्यायात बजावते. चार माणसांसमोर हात पसरायला लावून दिलेली साडी, फोटो काढून दिलेली रेशनची पिशवी, यांनी पोट भरत असेल, पण माणूस उभा राहत नाही. काही ठिकाणी आता जकातीच्या पैशातून शिलाई मशीन, हातगाडी, विद्यार्थ्याची फी दिली जाते. कुऱ्हाडीला दांडा बसवून देण्याचाच हा प्रकार आहे.

भीती सगळ्यांची सारखीच

कुष्ठरोग्याला दूर लोटण्यात एकही समाज मागे नव्हता. इंग्रजांनी 1898 मध्ये केलेला कुष्ठरोग्यांना वेगळे ठेवण्याचा कायदा स्वतंत्र भारतात 2016 मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून हिंदू विवाह कायद्यात होते, विशेष विवाह कायद्यात होते, ख्रिश्चनांच्या घटस्फोट कायद्यात होते आणि 1939 च्या मुस्लिम विवाह विच्छेदन कायद्यातही होते. एरवी हे कायदे वेगवेगळे. पण नवरा किंवा बायकोला हा रोग झाला की संसार मोडता येतो, यावर सगळ्यांचे एकमत होते. 2019 मध्ये संसदेने एकाच दुरुस्तीने या सगळ्या कायद्यांतून हे कारण काढून टाकले. औषध निघून कितीतरी वर्षे झाली होती. कायद्याच्या पुस्तकातली भीती जायला इतका वेळ लागला. मनातली जायला किती लागेल?

सेवेतही एकट्या वरोऱ्याचे नाव नाही. वर्ध्याजवळच्या दत्तपूरला 1936 मध्ये मनोहर दिवाण यांनी कुष्ठधाम सुरू केले. अमरावतीत दाजीसाहेब पटवर्धनांनी तपोवन उभारले. सेवाग्राममध्ये कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींना गांधीजींनी आपल्या कुटीजवळ ठेवून घेतले आणि स्वतः त्यांच्या अंगाला मालिश केली. गांधीजींचा स्मृतिदिन, 30 जानेवारी, देशात कुष्ठरोग निवारण दिन म्हणून पाळला जातो, त्यामागे हेच नाते आहे. यवतमाळच्या चहूबाजूंनी अशी माणसे होऊन गेली. आपल्या जिल्ह्यातही झरी जामणी तालुक्यात मूळगव्हाणला कोलाम आणि शेतकऱ्यांसाठी आनंदवनाचे काम पोहोचले. पावसातल्या त्या भेटीचा धागा असा पाटाळ्याचा पूल ओलांडून इकडे आला आहे.

देशपातळीवर 2005 च्या अखेरीस कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आल्याचे जाहीर झाले. तरी रोग संपलेला नाही. विदर्भात आजही नवे रुग्ण आढळतात. अंगावरचा चट्टा लपवून ठेवणारे त्याहून वेगळे. ते औषध नाही म्हणून लपवत नाहीत, लोक काय म्हणतील म्हणून लपवतात. सोयरीक मोडेल, भाड्याची खोली जाईल, याची त्यांना धास्ती असते. ही धास्ती घालवणारी गोळी दवाखान्यात मिळत नाही. ती शेजाऱ्यांच्या वागण्यात असते.

नाव विचारा

सहीह मुस्लिम या ग्रंथात एक हदीस आहे. कयामतच्या दिवशी अल्लाह माणसाला विचारील, मी आजारी होतो, तू मला भेटायला आला नाहीस. माणूस चकित होऊन म्हणेल, तू तर साऱ्या विश्वाचा पालनकर्ता, तू आजारी कसा? उत्तर येईल, माझा अमुक बंदा आजारी होता. तू त्याच्याकडे गेला असतास, तर मला तिथेच भेटला असतास. हाच प्रश्न पुढे भुकेल्याबद्दल आणि तहानेल्याबद्दलही विचारला जाईल. रोज्याची भूक-तहान सोसणाऱ्याला हा प्रश्न टाळता येणार नाही. संतांच्या अभंगांवर वाढलेल्या मराठी माणसालाही तो परका वाटणार नाही. रंजल्यागांजल्यांत देव पाहण्याची शिकवण या मातीत जुनी आहे.

बाबा आमटे 9 फेब्रुवारी 2008 रोजी आनंदवनात गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना अग्नी न देता त्याच मातीत पुरण्यात आले. साधनाताई 2011 मध्ये गेल्या. बाबांना मॅगसेसे मिळाला, गांधी शांतता पुरस्कार मिळाला, टेम्पल्टन मिळाला. या सगळ्यांच्या मागे त्या रात्रीचा तुळशीराम उभा आहे. तो कोण होता, कुठून आला, कोणाचा बाप, कोणाचा भाऊ, हे जगाला ठाऊक नाही. त्याचे नाव मात्र ठाऊक आहे. त्या काळी रस्त्याच्या कडेला असे किती महारोगी मेले असतील, त्यांची नावे कोणी राखून ठेवली नाहीत. तुळशीरामचे नाव राहिले, कारण एका माणसाने त्याला ‘महारोगी’ म्हणून सोडून दिले नाही.

थोड्याच दिवसांत चाँद दिसेल. ईदच्या सकाळी नवे कपडे, अत्तर, शिरखुर्मा. ईदगाहकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हात पसरलेली माणसे बसलेली असतील. दसऱ्याला, यात्रेला, मंदिरांच्या पायऱ्यांवरही तीच माणसे असतात. त्यांना धर्म विचारून कोणी नाणे टाकत नाही. नाणे टाकून आपण पुढे जातो, आणि ते चांगलेच आहे. या वर्षी त्यांच्यातल्या एकाजवळ तरी क्षणभर थांबावे. खाली बसून विचारावे, काय नाव तुमचं? कुठून आलात? जेवलात का?

उत्तर ऐकायला दोन मिनिटे लागतील. कदाचित त्यातून पुढे काहीच होणार नाही. एसटीतल्या त्या दोन प्रवाशांसारखे दोघे आपापल्या वाटेने जातील. पण परक्या शेजाऱ्याचा आणि वाटसरूचा जो हक्क कुरआनने सांगितला आहे, त्यातला थोडा तरी त्या दिवशी दिला जाईल. आणि समोरचा माणूस आपल्याला काय शिकवून जाईल, हे आधी कोणालाच सांगता येत नाही. वरोऱ्याच्या त्या वकिलालाही ते ठाऊक नव्हते.